पाणी न पिणाऱ्या बायकांची खोली

महिनोन्‌महिने उताणं पडून राहायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणावर आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनीही वाचावं, फक्त नाक मुरडू नये. यात बेडपॅन आहे. बराच आहे. मी तरी काय करू? माझ्या आजारपणाची खरी गोष्ट तिथंच अडकली होती आणि तिथंच सुटली. औषधांची नावं आणि हाडांची चित्रं डॉक्टरांच्या पुस्तकांत सापडतील. हे मात्र कुणी सांगत नाही, कारण बोलायची लाज वाटते. मलाही वाटायची. त्या लाजेपायी मी माझ्या मुलीला मुकणार होते.

पाठ

आम्ही तेव्हा यशवंतपूरच्या बाजूला राहत होतो. आमचे हे सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. म्हणजे तयार झालेला माल मोजायचा, मापात बसला तर पास, नाही तर बाजूला. घरीसुद्धा तेच. पोळी गोल आहे का, पडदा दोन्हीकडून सारखा लोंबतो का, सगळं बघायचे. लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा मला कानडीतले ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ एवढेच शब्द यायचे. थोडं हवं असलं की स्वल्प आणि पटलं की सरी. तेवढ्यावर भाजीवाल्यापासून रॉकेलवाल्यापर्यंत सगळा संसार रेटला.

मीना तिसऱ्या वर्षात आली आणि माझी पाठ धरायला लागली. आधी सगळे म्हणाले, बाळंतपणाची कंबर आहे, डिंकाचे लाडू खा. खाल्ले. मग म्हणाले, शेक. शेकलं. मग एक दिवस मीनाला उचलून कडेवर घेतली आणि मी जी खाली बसले ती उठेचना. पोर माझ्या गळ्याला मिठी मारून खदाखदा हसत होती, तिला वाटलं खेळ आहे.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला. ह्यांनी चष्मा वर सरकवून तो असा निरखला की आता खिशातून माप काढतात की काय! डॉक्टर म्हणाले, “मणक्याचा क्षय आहे.” मग घाईघाईनं म्हणाले, “हाडाचा. फुप्फुसाचा नाही. कुणाला लागायचा नाही. हल्ली इंजेक्शनं आहेत, बऱ्या होतील. मात्र पाठ हलता कामा नये. प्लास्टरच्या साच्यात पडून राहावं लागेल, बरेच महिने.”

ते पुढं काय बोलले ते मला ऐकूच आलं नाही. ‘क्षय’ शब्द कानात पडला आणि मनात एकच आलं, मीनाचं काय? सगळ्यात शेवटी ते म्हणाले, “आणि मुलीला उचलायचं नाही.” ती बाहेरच्या बाकावर झोपली होती. ह्यांनी तिला उचललं आणि आम्ही घरी आलो. टांग्यात मी तिचा पाय धरून बसले होते.

फरशी

साताऱ्याहून ह्यांच्या थोरल्या बहीण, आमच्या वन्सं, मीनाला सांभाळायला आल्या. माझ्यासाठी नर्सिंग होम शोधायचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. चार ठिकाणी फिरून आले आणि परीक्षा झाल्यासारखा निकाल सांगितला.

“फर्स्ट क्लास जागा आहे. जुना बंगला. लाल फरशी अशी घासलेली की तोंड दिसतं. चादरींना एक सुरकुती नाही. प्रत्येक खाटेच्या उशाशी पितळी तांब्या, लख्ख घासलेला, पाण्यानं काठोकाठ भरलेला, वर पालथं फुलपात्र. मेट्रनबाई कडक आहेत. सगळं मापात!”

मी म्हटलं, “अहो, फरशीत तोंड कुणाला बघायचंय? मी तर छताकडे बघत पडणार आहे.”

ते हसले नाहीत. बिचारे घाबरलेले होते. मी कुरकुर करत होते, पण त्यांनी माझ्यासाठी केवढी वणवण केली ते मला कळत होतं.

प्लास्टरचा साचा म्हणजे आपल्याच पाठीचा ठसा घेऊन केलेला पाळणा. त्यात मानेपासून मांड्यांपर्यंत आपण बसतो. खाली एक भोक ठेवलेलं असतं, ते कशाला हे सांगायला नको. पहिल्या दिवशी त्यात झोपवलं तेव्हा मी ह्यांना म्हणाले, “आता झाकण तेवढं राहिलं.” आणि मग मला रडूच फुटलं. हे खाटेशी उभे राहून रुमालानं माझे डोळे पुसत होते. अश्रू कानांत जात होते, कारण उताण्या माणसाचे अश्रू दुसरीकडे जाणार कुठं!

पद्मक्का

वरच्या मजल्यावर बायकांची खोली होती. माझ्या शेजारच्या खाटेवर पद्मक्का, मांडीचं हाड मोडून पडलेल्या. चिक्कपेटेत त्यांच्या घरचं कापडाचं दुकान. किती पिढ्या बंगळुरात गेल्या त्यांनाही सांगता येत नव्हतं. घरात मराठीच बोलायचे, पण माझ्या पुणेरी कानाला त्याची सवय व्हायलाच दोन दिवस लागले. त्यांनाही माझं मराठी म्हणजे रेडिओवरच्या बातम्या वाटायच्या. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं.

मी आल्या दिवशीच उन्हातून आलेली, घसा कोरडा पडलेला. फुलपात्र भरून पाणी मागितलं आणि नर्सच्या हातून घटाघट प्यायले. नर्स गेल्यावर पद्मक्का कुजबुजल्या, “अय्यो सुमन, इतकं काय पितीस? नवी हाईस म्हणून सांगते. इथं पाणी प्यायचं नाही. ओठ स्वल्प ओले करायचे, सरी, झालं.”

“का हो अक्का?”

“कळंल की दुपारी.”

दुपारी कळलं. तिथं बेडपॅन मिळायचा सकाळी, डॉक्टरांच्या राउंडच्या आधी, आणि संध्याकाळी, भेटायला येणारी माणसं गेल्यावर. मधल्या वेळात तो खोलीत दिसता कामा नये, असा मेट्रनबाईंचा नियम. खोली देवघरासारखी दिसली पाहिजे. मधेच लागलं तर आया मुनियम्माला हाक मारायची. ती कुठूनतरी ओरडायची, “बंदे अम्मा, बंदे!” बंदे म्हणजे आलेच. आणि यायचीच नाही. आली की कपाळाला आठ्या, भांडं असं आपटायची की सगळ्या खोलीला कळावं. शेजारी कुणाचा भाऊ, कुणाचा जावई बसलेला. धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

मग मीही शिकले. त्या खोलीतली प्रत्येक बाई शिकलेलीच होती. नवी बाई आली की जुनी तिला हळूच सांगायची, जशी नव्या सुनेला सासरची रीत सांगावी तशी. उशाशी तांबे काठोकाठ भरलेले असायचे. सकाळी पाणी बदललं जायचं, पुन्हा काठोकाठ. राउंडला मोठे डॉक्टर आले की त्यांच्यामागून मेट्रनबाई चालायच्या, पांढऱ्या स्वच्छ, हात मागे बांधून. डॉक्टर प्रत्येकीला विचारायचे, “चेन्नागिदीरा?” बऱ्या आहात ना? आणि आम्ही सगळ्या एका सुरात, “चेन्नागिदीनि.” छान आहे. जिभेला कोरड पडून ती टाळूला चिकटलेली, तरी छान आहे! कुणी आपुलकीनं विचारलं तर त्याला वाईट कसं सांगायचं?

मेट्रनबाई मंगळुराकडच्या ख्रिश्चन. नर्सांशी इंग्रजीत बोलायच्या, आयांशी कानडीत. आम्ही दोघी मराठीतून त्यांच्या नावानं बिनधास्त बोटं मोडायचो. “आली बघ हडळ,” मी म्हणायचे. पद्मक्का तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या आजारपणात तेवढीच करमणूक होती.

ताप

हळूहळू मला ताप यायला लागला. दुपार झाली की थंडी वाजायची, अंग मोडून यायचं. लघवीला जळजळ व्हायची, तेही मी कुणाला सांगितलं नाही. इंजेक्शनं तर वेळच्या वेळी चालू होती. डॉक्टरांच्या कपाळावर आठी दिसायला लागली. पहिला हुकूम निघाला तो मीनाचा. ताप आहे तोवर लहान मुलाला खोलीत आणायचं नाही.

तोवर वन्सं तिला आठवड्यातून एकदा आणायच्या. ती दारापाशी उभी राहायची, प्लास्टरकडे बघायची आणि वन्संच्या पदरात तोंड लपवायची. मी म्हणायचे, “ये की ग माझी बाई.” नाही यायची. तिची आई चालायची, ओट्याशी उभी राहायची, तिला वर उडवायची. ही कोण पांढऱ्या पेटीतली? आता तर तेही बंद झालं.

मग एक दिवस डॉक्टर ह्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. दार अर्धवट उघडं होतं. मला ऐकू आलं ते एवढंच, की रोग मूत्रपिंडाकडे उतरला असावा, इथं ठेवण्यात अर्थ नाही, गावाबाहेरच्या सॅनेटोरियमला न्यावं लागेल. वर्ष, दीड वर्ष. आणि तिथं मुलांना अजिबात सोडत नाहीत.

हे आत आले आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. मी म्हटलं, “ऐकलंय मी.”

“ताई म्हणते,” ते म्हणाले, “मीनाला साताऱ्याला घेऊन जाते. तिथं पोरं आहेत खेळायला. तू बरी होईपर्यंत.”

वन्संचं काही चुकत नव्हतं. त्यांचंही घर होतं, त्या किती दिवस थांबणार? पण मला डोळ्यांसमोर दिसलं, मी बरी होऊन साताऱ्याच्या दारात उभी आहे आणि माझी मुलगी वन्संच्या मागे लपून विचारते आहे, ही बाई कोण?

त्या दुपारी मी पडल्या पडल्या विचार करत होते. रोग खाली उतरला म्हणतात. पण कधीपासून? पाणी सोडल्यापासून तर नाही? माझी आई उन्हाळ्यात म्हणायची, पाणी पी ग, नाही तर उन्हाळी लागेल. ही तीच जळजळ तर नाही? मी पद्मक्कांना विचारलं, “अक्का, तुम्हांला ताप येतो का?”

“येतो की. सगळ्यांना येतो इथं. हवाच अशी.”

हवा कसली! बंगळुरासारखी हवा जगात नाही म्हणून लोक इथं आजारी माणसं आणतात.

बोलले

दुसऱ्या दिवशी राउंड आला. हेही कारखान्यातून सुट्टी काढून आले होते, सॅनेटोरियमचं ठरवायला. डॉक्टर माझ्याशी थांबले. “चेन्नागिदीरा?”

तोंडातून सवयीनं ‘चेन्ना’ एवढं निघालं आणि मी जीभ चावली. म्हटलं, “नो, डॉक्टर.”

सगळे थबकले. मागे दोन शिकाऊ डॉक्टर, तरणे पुरुष. नर्सा. हे. माझे कान तापले. मी म्हटलं, “आय डोंट ड्रिंक वॉटर.”

“व्हाय?”

आता पुढं काय सांगू? शाळेतलं इंग्रजी तिथंच संपलं. आणि जे सांगायचं ते तर मराठीतही मी कधी पुरुषाशी बोलले नव्हते. ह्यांच्याशीसुद्धा नाही. मी डोळे मिटून घेतले आणि मराठीतच बोलत सुटले. “लघवीला लागतं म्हणून पीत नाही. बेडपॅन मागायची भीती वाटते. दिवसभर दाबून धरते. खूप जळजळ होते. इथली एकही बाई पाणी पीत नाही. तांबे नुसते शोभेचे आहेत. आणि तुम्ही मला माझ्या मुलीपासून लांब पाठवायला निघालात!” शेवटचं वाक्य म्हणेपर्यंत हुंदके यायला लागले होते.

डॉक्टरांना अक्षर कळलं नाही. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे लाल झालेले, ‘ॲक्चुअली, डॉक्टर’ म्हणाले आणि तिथंच अडले.

तेवढ्यात एक शांत आवाज आला. इंग्रजीतून. मी डोळे उघडले. मेट्रनबाई बोलत होत्या. नजर जमिनीकडे, हात मागे बांधलेले, आणि माझं एकेक वाक्य त्या डॉक्टरांना सांगत होत्या. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. भीती वाटते, हेही सांगितलं. एकही बाई पीत नाही, हेही. तांबे शोभेचे, हेसुद्धा सांगितलं. त्यांच्याच तांब्यांबद्दल!

अगोबाई! म्हणजे या बाईला मराठी येतं! मला दरदरून घाम फुटला. पलीकडे पद्मक्कांनी चादर डोक्यावरून घेतली.

डॉक्टर म्हणाले, “लघवी तपासायला पाठवा. भरपूर पाणी द्या. एक आठवडा बघू. मग सॅनेटोरियमचं.” आणि पुढच्या खाटेकडे गेले. तिला मात्र त्यांनी ‘चेन्नागिदीरा’ विचारलं नाही. तिचा तांब्या उचलून बघितला.

हडळ

जेवणं झाल्यावर मेट्रनबाई आल्या आणि माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या. त्यांना बसलेलं आम्ही प्रथमच पाहत होतो. म्हणाल्या, “म्हाका सगळें समजता. आमची कोंकणी. मराठी नीट बोलायला येत नाही, पण समजते. हडळ, तेही समजते.”

मी म्हटलं, “बाई, माफ करा हो.”

“ते सोड. मला आधी का सांगितलं नाही?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

असं फटकन बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं. त्या चिडल्या नाहीत. हळूहळू म्हणाल्या, “मी शिकले तिथं आमची बाई पांढरा हातमोजा घालून खाटेखाली हात फिरवायची. धूळ लागली तर शिक्षा. मला वाटायचं, धूळ नाही म्हणजे सेवा चांगली.” मग विचारलं, “सांग तर. मी राउंडला काय बघू?”

एवढी करारी बाई मला विचारते आहे! मी म्हटलं, “तांब्या बघा. भरलेला दिसला, तर समजा काहीतरी चुकलंय.”

दुसऱ्या दिवसापासून मेट्रनबाई तांबे उचलून बघायला लागल्या. आणि काय सांगू, दोन दिवसांत खोलीतले सगळे तांबे रिकामे! त्या खूश झाल्या. तिसऱ्या दिवशी खालून माळी वर आला, डोक्यापासून ओला. कानडीत तावातावानं सांगू लागला, की रोज सकाळी राउंडच्या आधी वरून पाणी पडतं.

पद्मक्कांची खाट खिडकीला लागून होती. आपलाच नाही, आजूबाजूच्या तिघींचे तांबेही त्या हात लांब करून खिडकीतून ओतत होत्या.

“अक्का, असं का हो करता?” मी कपाळाला हात लावला.

“अगं, ती बाई एवढं उचलून बघती. भरलेलं बघून तिला वाईट नाही वाटणार? तिचं मन कशाला मोडायचं?”

आता यांना काय म्हणावं! रागवावं तर बोलणं इतकं मायेचं. मेट्रनबाई दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या आणि त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगितली. आजारपणात प्रथमच ते पोट धरून हसले. मग मेट्रनबाईंकडे वळले आणि एकदम कारखान्यातल्या आवाजात बोलू लागले. “आमच्याकडे हेच होतं, मॅडम. साहेब जे बघतो ते लोक चकचकीत करून ठेवतात. ठरल्या वेळी कधी बघायचं नाही. आणि माल वाईट निघाला तर माणसाला झापून उपयोग नाही. मशीनपाशी जाऊन उभं राहायचं. कुठं अडतंय ते बघायचं.” फरशीत तोंड बघणारा हाच का तो माणूस, म्हणून मी बघतच राहिले.

मेट्रनबाईंनी मनावर घेतलं. भर दुपारी, जेव्हा त्या कधीच वर येत नसत, तेव्हा आल्या. मी बेडपॅन मागितला. “बंदे अम्मा!” आणि मुनियम्मा येण्याऐवजी मेट्रनबाई स्वतःच तिला शोधायला गेल्या. ती खाली होती. भांडं धुवायची मोरी मागच्या अंगणात, जिना उभा, आणि दिवसभर त्याच जिन्यावर तिची चढउतर चाललेली, सुजलेले गुडघे घेऊन. त्या दिवशी माझं भांडं मेट्रनबाईंनी स्वतः झाकून खाली नेलं. परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. मुनियम्मा बावरून मागे उभी होती आणि तिच्या कपाळावर आठी नव्हती. मीही तिला इतके दिवस मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, तिच्या गुडघ्यांकडे कधी बघितलं नव्हतं. खाटेवरून गुडघे दिसतही नाहीत म्हणा.

वरच्या मजल्यावर एक जुनी न्हाणी होती, मोडक्या खुर्च्यांनी भरलेली. ती रिकामी करून नळ सुरू केला. आणखी एक आया आली. राहिला प्रश्न लाजेचा. त्यावर मेट्रनबाईंनी पडदा बाहेर काढला. लाकडी चौकटीचा, चाकांचा. तो त्यांच्याकडे होताच, पण बाहेर निघायचा तो फक्त कुणी अगदी जायला टेकलं की. खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक. पहिल्या दिवशी मुनियम्मानं तो घरघरत पद्मक्कांच्या खाटेशी आणला आणि अक्कांनी अशी किंकाळी फोडली की खालचे डॉक्टर धावत आले.

“अय्यो, बेडा, बेडा! मी जित्ती हाय! नको तो!”

समजूत घालता घालता नाकी नऊ आले. शेवटी म्हटलं, अक्का, आधी माझ्याकडे आणू द्या. मी त्याच्या आत जाऊन जिवंत बाहेर येऊन दाखवते. तशी आले. मग पटलं.

आठवडा

मी त्या आठवड्यात पाणी प्यायले ते असं, की जन्माची तहान होती. पहिले काही दिवस ताप तसाच. रोज दुपारी हुडहुडी भरली की वाटायचं, झालं, गेली मीना. वन्संची ट्रंक भरून तयार होती. हे संध्याकाळी येऊन थर्मामीटर उजेडाकडे धरायचे आणि परत झटकायचे. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे.

एका दुपारी थंडी वाजलीच नाही. मी वाट बघत राहिले. पद्मक्का दर थोड्या वेळानं विचारत होत्या, “आली का ग?” जसं काही पाव्हण्यांची गाडी यायची होती. नाही आली. दुसऱ्या दिवशीही नाही. लघवीत क्षयाचं काही सापडलं नाही, साधी उन्हाळी होती, फक्त विकोपाला गेलेली. डॉक्टरांनी सॅनेटोरियमचा बेत मोडला आणि म्हणाले, “मुलीला आणा.”

रविवारी भेटीच्या वेळी हे आणि वन्सं तिला घेऊन आले. किती वाढली होती! फ्रॉक आखूड झाला होता. मी हाक मारली. ती ह्यांच्या पायामागे. मी नाव घेतलं, गाणं म्हटलं, तिला आवडायचं ते तोंडानं मांजराचं ओरडणं केलं. ती टकमक बघत राहिली. वन्सं म्हणाल्या, “अगं, आई आहे ना तुझी? म्हण की आई.” तिनं मान हलवली. नाही. तिच्या तोंडून ‘आई’ ऐकून किती दिवस झाले होते ते मी मोजायचंच सोडलं होतं. मी हसत होते आणि आतून तुटत होते. ज्याच्यासाठी चार पुरुषांसमोर लाज सोडली ते लेकरू समोर उभं होतं आणि मला ओळख देत नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच मला लागलं. एरवी मी दात आवळून, माणसं जाईपर्यंत धरलं असतं. म्हटलं, नाही. मोठ्यानं हाक मारली, “मुनियम्मा, पॅन!”

“बंदे अम्मा!” आणि खरंच आली. हे वन्संना घेऊन दाराशी सरकले. पडदा घरघरत आला आणि माझ्या खाटेभोवती फिरला. मी आत, बाकी सगळं जग बाहेर.

आणि मग बाहेरून एकदम भोकाड. इतकं मोठं की साऱ्या खोलीचं बोलणं थांबलं.

“माझी आई कुठं गेली? माझी आई द्या!”

मला उठता येत नव्हतं. कुशीवर वळता येत नव्हतं. खाली बेडपॅन, वर छत, चारी बाजूंनी पडदा. इकडे हसू फुटत होतं, तिकडे डोळ्यांना धार लागली होती. मी ओरडून सांगितलं, “मीने, इथंच आहे ग मी. आई इथंच आहे. कुठं नाही गेले!”

पडद्याखालून दोन लहान हात आत आले, मग डोकं. मुनियम्मा तिला अडवायला वाकली. मी म्हटलं, “असू दे. येऊ दे तिला.”